सप्टेंबरात लागलेला सिनेमा मी मे महिन्यात पाहिला

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो नाहीतर नंतर विसरेन. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ५ ऑक्टो. असं. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. ह्या एवढ्याशा गोष्टीपायी माझा अख्खा डिसेंबर गेलाय आणि आठवलं की अजून डोकं फिरतं.

तर २०२५ च्या जानेवारीत मी ठरवलं की वर्षभर जे जे सिनेमे बघू त्यांची नोंद ठेवायची. कारण काही फार थोर नाही, ऑफिसात कोणीतरी विचारलं की गेल्या वर्षी काय काय चांगलं बघितलंस, आणि मला तीन नावं आठवेनात, त्यातला एक तर दोन वर्षांपूर्वीचा निघाला. मग २०० पानी वही आणली. वही फेब्रुवारीपर्यंत टिकली, कारण वही घरी आणि आठवण गाडीत, असं व्हायला लागलं. मग फोनमधे शीट केली. पाच रकाने: तारीख, नाव, कुठे, कोणाबरोबर, आणि दोन ओळी कसा वाटला त्याच्या. मी ठाण्याहून ऐरोलीला जातो, ट्रान्स हार्बर लोकलने, मधे आता दिघा गाव स्टेशन पण झालंय, तेवढ्या अंतरात आदल्या रात्रीच्या सिनेमाची नोंद आरामात होते. खरं सांगायचं तर नोंद ठेवणं हा भाग एकदम सोपा आहे, लोक उगाच बाऊ करतात.

नियम मात्र आधीच ठरवा. झोप लागली तर धरायचा का? मी ठरवलं की अर्ध्याहून जास्त झोपलो तर नाही धरायचा. दुसऱ्यांदा बघितला तर धरायचा पण पुढे "पुन्हा" लिहायचं. गडकरी रंगायतनला बघितलेलं नाटक धरायचं नाही, ह्यावरून आईशी वाद झाला, तिचं म्हणणं पैसे दिले, तीन तास बसलो, मध्यंतरात वडा खाल्ला, मग का नाही. तिला मी वेगळा रकाना देतो म्हटलं तर म्हणाली मला तुझा रकाना नको. (हा वाद लक्षात ठेवा, पुढे तिने सूड घेतला.)

डिसेंबरच्या ६ तारखेला माझ्या शीटमधे ८७ सिनेमे होते. आता खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण एका मित्राने त्याच्या ॲपमधे काढलेला वर्षाचा ग्राफ दाखवला, कुठल्या महिन्यात किती, कुठल्या वारी जास्त, एकूण किती तास, आणि मला पण तो ग्राफ पाहिजे झाला. ॲपचं नाव घेत नाही, उगाच कशाला. त्यात सीएसव्ही फाइल (रकाने नुसत्या स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) अपलोड केली की सगळे सिनेमे एकदम चढतात असं लिहिलेलं, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी हवी, म्हणजे २०२५-१०-०५. हे बरोबरच आहे, आयएसओ ८६०१ म्हणून आंतरराष्ट्रीय पद्धत आहे ती, १९८८ पासूनची. त्यात गोंधळाला जागाच नाही. गोंधळ मी घरून आणला.

मी फोनमधली फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर केबलने घेतली. आणि फोनमधली जुनी कॉपी "आता काय कामाची" म्हणून उडवली. हो, मीच. कोणी सांगितलं नव्हतं.

लॅपटॉप कंपनीचा, त्याचं सेटिंग अमेरिकन. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. मी लिहिलेलं ५/१०/२०२५, म्हणजे ५ ऑक्टोबर, लॅपटॉपने वाचलं १० मे. आणि गंमत अशी की तो काही बोलला नाही. चुकलं म्हणून लाल रंग नाही, काही नाही. पण २५/१०/२०२५ असेल तर २५ वा महिना नसतोच, मग ती तारीख त्याला तारीख वाटलीच नाही, ती त्याने नुसती अक्षरं म्हणून तशीच ठेवली. मी पूर्ण रकाना सिलेक्ट करून वर्ष-महिना-दिवस असा फॉरमॅट लावला, सेव्ह केलं, अपलोड केलं.

५३ रिजेक्ट. ३४ आत गेले.

मला वाटलं ५३ मधेच लोच्या आहे. साहजिक आहे ना, ज्याला नापास केलंय त्याचाच पेपर आपण परत तपासणार. दोन रात्री बसून ५३ तारखा हाताने टाइप केल्या, परत अपलोड, सगळे हिरवे, मी खुश, आईस्क्रीम वगैरे खाल्लं. आणि मग ग्राफ बघायला गेलो तर मे महिन्यात 'दशावतार'.

आता 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला लागला, दिलीप प्रभावळकरांचा, सगळ्यांना माहितीये. मी तो आईला घेऊन दसऱ्यानंतरच्या रविवारी बघितला, ५ ऑक्टोबरला. ॲपच्या मते मी तो १० मेला, म्हणजे रिलीजच्या चार महिने आधी बघून मोकळा झालो होतो. आणि १० मेला मी चिपळूणला मामाकडे फणस फोडत होतो.

मग एकेक बघायला लागलो आणि पायाखालची वाळू सरकली. जे ३४ बिनबोभाट आत गेले होते तेच चुकलेले होते. हिशोब सांगतो, कारण मला हा नंतर गाडीत उभ्या उभ्या सुचला आणि तेव्हा शेजारच्या माणसाला सांगावासा वाटला होता. दर महिन्याच्या पहिल्या १२ तारखा अशा असतात की उलट्या वाचल्या तरी खऱ्याच वाटतात. बारा महिन्यांच्या १४४. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखा उलट्या सुलट्या सारख्याच. उरल्या १३२. म्हणजे वर्षातले १३२ दिवस असे आहेत की तुमची तारीख चुकलीये हे मशीनला पण कळत नाही आणि तुम्हाला पण. माझ्या ३४ मधले तीन असे नशिबाने बरोबर होते. ३१ चुकले.

इथे शहाणा माणूस काय करेल? सगळ्या ३१ चे दिवस-महिने उलटे करेल, पाच मिनिटांचं काम. पण हे कळायच्या आधी मी रात्री साडेबाराला घाबरून दहा-बारा तारखा आठवेल तशा फाइलमधे सुधारल्या होत्या, त्याच नावाने सेव्ह केल्या होत्या, आणि कुठल्या सुधारल्या ते कुठे लिहिलं नव्हतं. म्हणजे आता फाइलमधे काही सुलट, काही उलट, काही मी अंदाजे ठोकलेल्या. नुसतं बघून ७ एप्रिल खरा की ४ जुलै खरा, काही पत्ता नाही. वर्षभर नोंद ठेवली ती आठवणीवर भरवसा नाही म्हणून आणि शेवटी आलो परत आठवणीवरच.

हां, एक ट्रिक सांगायची राहिली. शीटमधे आपण काही हलवलेलं नसेल तर खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते आणि नुसती अक्षरं डावीकडे. माझ्या फाइलमधे पहिल्या दिवशी ५३ डावीकडे आणि ३४ उजवीकडे अशी सरळ फाळणी दिसत होती. मी बघितली पण होती. मला वाटलं काहीतरी डिझाइन असेल.

ॲपवाल्यांना मेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं की तुमच्या फाइलमधल्या सर्व तारखा वैध आहेत आणि आमची सिस्टीम व्यवस्थित चालू आहे. ह्यातला शब्दन् शब्द खरा होता हो, म्हणूनच जास्त संताप आला. मी परत लिहिलं की वैध आहेत पण खोट्या आहेत, काय करू. ह्याला चार दिवस. उत्तर: सर्व नोंदी काढून टाका आणि पुन्हा अपलोड करा. बरं, सगळ्या एकदम काढायचं बटण आहे का? नाही. एक नोंद उघडा, तीन टिंबं दाबा, डिलीट, मग "नक्की ना?" म्हणजे उघडणं सोडून एका सिनेमाला तीन टिचक्या, ८७ ला २६१. मी मोजल्यात. ठाणे ते ऐरोली जाऊन येऊन साधारण पंचवीस सिनेमे निघतात, गर्दी नसेल तर. एकदा चुकून "नाही" दाबलं की परत वरपासून लिस्ट स्क्रोल.

ह्या काळात मला एकच गोष्ट वाचून बरं वाटलं, की शास्त्रज्ञांचं पण असंच होतं. माणसाच्या काही जीन्सची, म्हणजे जनुकांची, नावं मार्च १, सेप्ट १ अशी होती, स्प्रेडशीट त्यांना तारखा समजून १ मार्च, १ सप्टेंबर करून टाकायची, शेवटी २०२० मधे नावं ठरवणाऱ्या समितीने जीन्सचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरपुढे त्यांनी पण हात टेकले तर मी कोण.

आता खऱ्या तारखा आणायच्या कुठून. थिएटरची तिकिटं मी एका डब्यात टाकत होतो, हौसेने, काढली तर अर्धी कोरी. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, शाई नसतेच, ऊन लागलं, गरम जागी राहिला, प्लास्टिकला चिकटून राहिला की उडतो. माझा डबा प्लास्टिकचा आणि फ्रिजवर ठेवलेला. तेव्हा तिकिटाचा त्याच दिवशी फोटो काढा, तिकिटाचा म्हणतोय, पडद्याचा नाही. मी एकदा सुरुवातीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटचा फोटो काढायला गेलो होतो, सिनेमाची लांबी कळेल म्हणून, तर मागून बॅटरीचा झोत थेट तोंडावर. बुकिंगचे मेसेज बघावेत तर थिएटरची बहुतेक तिकिटं मित्रच काढतो आणि मी त्याला पैसे पाठवतो, पण त्याला मी मामलेदारच्या मिसळीचे पण पाठवतो आणि रिक्षाचे पण, स्टेटमेंटवर सगळं एकच नाव.

घरी बघितलेल्यांचं त्यामानाने सोपं होतं, ओटीटीच्या अकाउंटमधे कधी काय बघितलं त्याची यादी तारखेसकट निघते. फक्त प्रोफाइल आईचं आणि माझं एकच असल्यामुळे एका सिनेमामागे सव्वीस एपिसोड चाळावे लागतात. प्रोफाइल वेगळं करा, आजच करा.

थिएटरवाले नऊ अडकले ते अडकलेच. मी जेवताना वैतागून हे सगळं बोलत होतो तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, कालनिर्णयात बघ की.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं आणि आई त्याच्या चौकटीत सगळं लिहिते. दूध एक लिटर की अर्धा, गॅस कधी लावला, कामाच्या मावशींचे खाडे. आणि मी रात्री बाहेर असलो की त्या चौकटीत बारीक अक्षरात "सि., जेवण नाही", कारण तिला पीठ किती मळायचं ते ठरवायचं असतं. महिन्यामागून महिने उलटत गेलो, सगळं तिथे. ४ जुलै: "सि., जेवण नाही". ७ एप्रिल: "दूध नासलं". म्हणजे ४ जुलै खरा. नऊच्या नऊ वीस मिनिटांत सुटले. ५ ऑक्टोबरच्या चौकटीत तर "दशावतार, रिक्षा ६०, समोसा फार महाग" असं पूर्ण परीक्षण होतं. आणि खाली एका शनिवारी "गडकरी, नाटक", त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. दाखवून दाखवून वाचून घेतलं तिने माझ्याकडून.

अजून एक, नावं पण तपासा, तारखेच्या नादात मी ते सोडलं होतं. मी 'श्यामची आई' बघितला तो अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला, आणि ॲपने परस्पर २०२३ चा लावून ठेवला. मराठी सिनेमांचं हे फार होतं, इंग्रजी स्पेलिंग कोण कसं करेल नेम नाही. शीटमधे नावाशेजारी सिनेमाचं साल लिहा म्हणजे झालं.

३० डिसेंबरला रात्री सगळं परत चढवलं. ह्या वेळी आधी पाच ओळींची फाइल करून बघितली, त्यात मुद्दाम ३ तारीख, १२ तारीख आणि २५ तारीख घातली, बरोबर दिसल्यावर मग पूर्ण. आणि मूळ फाइलच्या तीन कॉपी, एक मित्राकडे. ग्राफ आला. सगळ्यात जास्त सिनेमे जुलैत, पावसामुळे असणार. तो ग्राफ मी साधारण चाळीस सेकंद बघितला.

पण एकूण आकडा ८६. पहिल्या दिवशी ८७ होते, मला पक्कं आठवतंय, मित्राला मेसेज केलेला आहे तेव्हाचा. हा एक कुठे गेला ते दोन दिवस शोधतोय. आईला विचारलं तर चष्मा लावून ऑगस्टचं पान काढलं, एका चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हा असेल, सोफ्यावर घोरत पडला होतास, मी टीव्ही बंद केला. चौकटीत लिहिलेलं: "टीव्ही चालू, झोपला."