'ण'वरून सांग!

पंचगंगेचं पाणी चढलं की पलीकडची एसटी बंद आणि निम्मे सर गैरहजर. शिरोळ तालुक्यातल्या शाळेत शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आठवीत असताना अशाच एका दिवशी दोन तुकड्या एका वर्गात कोंबल्या होत्या. कालवा आवरेना, तेव्हा मराठीच्या बाईंनी शब्दांच्या भेंड्या लावल्या.

नियम नेहमीचेच. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, विशेषनाम चालणार नाही, एकदा आलेला शब्द बाद. बाईंनी एक अट वाढवली : सांगेल त्याने अर्थही सांगायचा. तिथंच आम्हा हुशार म्हणवणाऱ्यांची पंचाईत झाली. मी ऐटीत 'टणत्कार' ठोकला आणि अर्थ विचारल्यावर 'टणाटण उड्या मारणं' म्हणालो. धनुष्याच्या दोरीचा आवाज तो! सगळा वर्ग खिदळला. शब्द मात्र जन्मात विसरलो नाही.

मग 'ढ' आला. आमची फळी 'ढग' आणि 'ढाल' देऊन गप्प झाली. शेवटच्या बाकावरच्या एका मित्राला सगळे 'ढ'च म्हणायचे. तो उठला आणि दर फेरीला सुरूच झाला : ढेप, ढेकूळ, ढोली. घरचं गुऱ्हाळ होतं त्यांचं. ढेप सांगताना काहिलीतला रस वाफ्यात कधी ओततात, गुळव्या पाक कसा बघतो, हेही सांगून टाकलं त्यानं. चौथ्या वेळी म्हणाला, "ढवळ्या."

"विशेषनाम!" आम्ही ओरडलो. "बैलाचं नाव आहे ते!"

बाईंनी कपाटाचं कुलूप काढून जाडजूड मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, बाहेर आणला. 1857 च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. एरवी त्याला हात लावायची आमची टाप नव्हती. 'ढवळा' म्हणजे पांढरा. मूळ संस्कृत 'धवल', तेच झिजत झिजत 'ढवळा' झालं, असं बाईंनी सांगितलं. 'धवल' मी कवितेत पाठ केला होता आणि ढवळ्या रोज गाडीला जुंपलेला बघत होतो. दोघांची गाठ पडली ती त्या दिवशी. नाव म्हणून शब्द बादच झाला, पण बाईंनी गुण दिला.

चिडून आम्ही डाव टाकला. दावण, वेसण, सरपण, वैरण... मुद्दाम 'ण'वर संपणारे शब्द. 'ळ' आला तर 'ल' घ्यायचा, 'ण' आला तर 'न', ही सवलत तेवढी चालायची. पण 'न'वरून तरी किती सांगणार? पलीकडच्या फळीतली एक जैन मैत्रीण शांतपणे म्हणाली, "सवलत नको. णमोकार." रोज सकाळी घरात म्हणायच्या मंत्राचं नाव. आम्ही बघतच राहिलो. बाईसुद्धा.

आज मी मुद्रितं तपासून पोट भरतो. अडलेला शब्द कोशात शोधताना अजून बोट आधी त्याच्या शेजारच्या दोन-तीन शब्दांवर रेंगाळतं, त्यामुळे कामाला उशीर होतो आणि बोलणी खावी लागतात.

शाळेच्या या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. गेल्या महिन्यात गुऱ्हाळवाल्या मित्रानं रात्री अकराला नुसतं 'वैरण' टाकलं. मी लगेच लिहिलं, 'णमोकार.'

मिनिटभरात मैत्रिणीचं उत्तर आलं : "आठवीत झालाय. बाद."