ऊसतोडीवरची शॉर्ट फिल्म आणि ज्युरीतला माझा अनुभव

यंदा एका शॉर्ट फिल्म स्पर्धेच्या ज्युरीवर होते. फिल्मच्या लिंक यायच्या आणि सोबत मार्कांची शीट, त्यात कथा, दिग्दर्शन, कॅमेरा, साउंड, एडिटिंग, अभिनय आणि शेवटी एक रकाना 'विषयाचं महत्त्व'. तो रकाना बघूनच मला टेन्शन आलं, कारण गरिबीवरची फिल्म आली की तिथे सगळे डोळे झाकून दहापैकी दहा देतात आणि मग बाकीच्या रकान्यांतही हात सैल सुटतो. पोरांनी पदरचे पैसे घालून केलीय, विषय किती चांगला, जाऊ दे ना. मला हे अजिबात पटत नाही, त्यांनी फिल्म बनवलीय तर तिच्याकडे फिल्म म्हणूनच बघायला पाहिजे.

तर त्यातली एक फिल्म डोक्यातून जाईना. बीडकडचं कुटुंब, दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आलेलं, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे मजुरीची एक जोडी, मुकादमाकडून म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळा सोडून कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळतेय. शूट मोबाईलवर, लाइटला पैसे नव्हते हे दिसतंच, पहाटेच्या सीनमध्ये तर चेहरे पण नीट कळत नाहीत.

माझी पद्धत अशी की पहिल्यांदा नुसती बघायची, काही लिहायचं नाही. मग आवाज बंद करून बघायची आणि मग स्क्रीनकडे पाठ करून ऐकायची. आवाज बंद केला तेव्हा कळलं की कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ त्या पोरीच्या उंचीवर आहे, मोठी माणसं कमरेपर्यंतच दिसतात, बापाचे हात दिसतात, मुकादमाचा चेहरा एकदाही नाही.

आणि ऐकताना तो झोक्याचा सीन सापडला. गाडीखाली साडीचा झोका बांधलाय, पोरगी एका पायाने झोका देतेय आणि हाताने वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी बांधतेय. आईबाप उसात आहेत, दिसत नाहीत, फक्त कोयत्याचा आवाज, एका लयीत. मधेच तो आवाज थांबतो. पोरगी मान वर करते, थोडा वेळ काहीच नाही, मग मोटरसायकलचा आवाज जवळ येतो. मुकादमाचं बोलणंसुद्धा अर्धवटच ऐकू येतं, 'उचल' आणि 'खाडा' एवढेच शब्द कळतात. तिचा पाय झोका देतच राहतो. एकच शॉट आहे! हातात पैसे असते तर कदाचित इथे मिशीवाला मुकादम, आरडाओरडा, पाया पडणारा बाप असं सगळं आलं असतं. इथे न दाखवायचं ठरवलंय आणि त्यामुळे ती भीती आपल्याला त्या पोरीच्या जागेवरून कळते. दिग्दर्शनाचे मार्क मी इथेच दिले.

लहान मुलांकडून काम कसं करून घेतलं हेही मला मार्क देण्याआधी कळायला हवं असतं. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि सलग तीन तासांच्या वर तर नाहीच, पण छोट्या फिल्मवाल्यांना हे कोणी सांगतच नाही. म्हणून आयोजकांमार्फत विचारलं. उत्तर आलं की शूट फक्त रविवारी सकाळी, मुलीची आई कायम सोबत, आणि तिला 'घाबर' असं कधीच सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की काहीही झालं तरी बाळ उठता कामा नये. मला लगेच सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा बंगाली सिनेमा आठवला. काश गवताच्या शेतात छोटा अपू बहिणीला, दुर्गाला, शोधत अडखळत चालतो त्या शॉटसाठी रायनी मुलाच्या वाटेत काटक्या टाकून ठेवल्या होत्या आणि लपवलेल्या माणसांना वेगवेगळ्या बाजूंनी हाका मारायला लावल्या होत्या. मुलाला भावना समजावत बसायचं नाही, हाताला काहीतरी काम द्यायचं.

भांडण झालं ते शेवटावरून. शेवटी पोरीचा क्लोजअप, स्लो मोशनमध्ये अश्रू, वर व्हायोलिन, आणि मग काळ्या पडद्यावर स्थलांतरित मुलांची आकडेवारी. ज्युरीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले की हाच फिल्मचा कळस आहे, माझे डोळे भरून आले. मी म्हणलं, सर, आधीची सगळी फिल्म तिच्या उंचीवरून बघत होती आणि इथे अचानक आपण तिच्याकडे बघायला लागलो, ती बिचारी झाली. सर म्हणाले, अहो रायनीसुद्धा दुर्गा गेल्यावर आईच्या रडण्याला वाद्य वापरलंय की. मुद्दा बरोबर होता आणि त्यावरच आम्ही खूप वेळ बोललो. पण तिथे रडण्याचा आवाज काढून टाकलाय आणि त्याच्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य आलंय, ती किंकाळी आपण मनातल्या मनात ऐकतो. इथे हुंदका पण आहे, व्हायोलिन पण आहे आणि वरून आकडे पण. सरांना पूर्ण पटलं नाही, पण एडिटिंगचे मार्क त्यांनी कमी केले, दिग्दर्शनाचे दोघांनीही तसेच ठेवले.

पहाटेच्या अंधाऱ्या सीनचे मार्क मात्र मी कापू दिले नाहीत. तोडणीला अंधारातच निघतात, तिथे चेहरे स्वच्छ दिसले असते तर खोटं वाटलं असतं.

फिल्मला दुसरा नंबर मिळाला. दिग्दर्शकाला मी मिनिट-सेकंद टाकून सविस्तर नोट पाठवली, त्यात सांगितलं की शेवटची दोन मिनिटं काढून फिल्म झोक्याच्या सीननंतर कोपीवरच्या भाकरीच्या शॉटवर थांबवून बघ. आणि आयोजकांना लेखी कळवलंय की पुढच्या वर्षी तो विषयाचा रकाना काढून टाका, त्याचे दहा मार्क साउंडला द्या.