ह्यूस्टनचं ते जुनं कंट्रोल रूम

आज बाबांना नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरला घेऊन गेले. ट्राममधून उतरून एवढे जिने, बाबांचा गुडघा कुरकुरत होता, पण वर काचेपलीकडे १९६९ च्या चंद्रमोहिमेचं (अपोलो ११) मिशन कंट्रोल जसंच्या तसं मांडलेलं, अ‍ॅशट्रे, कॉफीचे मग, जाडजूड फायली, आणि बाबा गुडघा विसरलेच. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झ तेव्हा ३५ चा, म्हणजे तोच त्यातला सिनियर म्हणायचा! यान चंद्रावर उतरताना ऐनवेळी १२०२ अलार्म (यानाच्या कॉम्प्युटरवर जास्त भार पडल्याचा इशारा) आला, तेव्हा 'गो', म्हणजे उतरा पुढे, म्हणणारा स्टीव्ह बेल्स २६ चा आणि मागच्या खोलीतून त्याला काळजी नाही म्हणून सांगणारा जॅक गार्मन फक्त २४ चा 😳 जन्मभर सबस्टेशन सांभाळलेले बाबा बराच वेळ गप्पच, मग हळूच म्हणाले, "२४ व्या वर्षी मला साहेब साधा फ्यूजसुद्धा विचारल्याशिवाय बदलू देत नव्हते गं."