गोंडी शिकवायची तर ग्रामकोषात तिचा वाटा आधी बाजूला काढा

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा उभी केली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. असं काही करू पाहणाऱ्या ग्रामसभांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. इमारत होते, पण शिकवणाऱ्याचं मानधन दर महिन्याला कुठून द्यायचं?

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा; त्याच्या अबंध निधीतून (आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के वाटा, 2015 पासून) शिक्षणावर खर्च करता येतो. तरी आराखडा करताना समाजमंदिर, सिमेंटचा रस्ता आधी सुचतात, कारण त्यांची अंदाजपत्रकं तयार असतात. भाषेचं अंदाजपत्रक कुणी मांडतच नाही. आणि हा हप्ता शासनाच्या हातात. मानधन त्यावर टांगू नका, ते तेंदू-बांबूच्या स्वतःच्या उत्पन्नातून द्या. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवानाही हाती आला. ग्रामकोषात, म्हणजे ग्रामसभेच्या निधीत, स्वतःचा पैसा येण्याची वाट तिथून मोकळी झाली.

समजा, तेंदूची रॉयल्टी 4 लाख आली. घरोघरी वाटप होण्याआधीच 20 टक्के, म्हणजे 80 हजार बाजूला काढा. महिना 6 हजारांप्रमाणे दहा महिन्यांचं मानधन 60 हजार, उरलेल्या 20 हजारांत पुस्तकं आणि रेला (गोंडी नाच-गाणी) शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांचा मान. वाटप झाल्यावर वर्गणी मागितली तर निम्मीही जमत नाही.

ठराव मोघम नको. "गोंडी शिक्षणासाठी, शिक्षिकेचं मानधन, दरमहा इतके रुपये, अमुक महिन्यापासून" इतकं स्पष्ट लिहा आणि सभेत मोठ्याने वाचा. रोकडवही गावातल्याच दोघांनी लिहावी, त्यातली एक बाई असावी.

तेंदू दरवर्षी सारखा येत नाही. मे महिन्यात गारपीट झाली की पानाला भोकं पडतात, ठेकेदार भाव पाडतो. कधी 70 पानांचे पुडे फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) वाळून पडलेले असतात आणि ठेकेदाराचा हप्ता थकलेला. म्हणून पहिली दोन वर्षं थोडं थोडं साठवून एका वर्षाचं मानधन मुदत ठेवीत टाका. ही ठेव नसेल तर एका वाईट हंगामात शिक्षिका मजुरीला जाते, आणि एकदा गेलेली सहसा परत येत नाही.

पुस्तकांबाबतही सांभाळा. गोंडी सहा-सात राज्यांत पसरलेली, बोली बदलत जाते. आदिलाबादकडचं पुस्तक धानोऱ्यातल्या पोराला अर्धंच कळतं. आपल्या भागातल्या शब्दांची, गाण्यांची चाळीस पानं जवळच्या छापखान्यातून काढलेली बरी.