तुम्ही विचारलंत म्हणून: बिनसाखरेच्या पाकात फळं मुरतात का?

"साखर न घालता कँडीड फ्रूट (पाकात मुरवून वाळवलेलं फळ) घरी कसं करता, आणि ते नेहमीसारखं टिकतं का?" दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हे विचारतंच, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या घरात कोणालातरी डायबेटिस असतो. मी पण त्यातूनच यात पडले, बाबांची शुगर वाढली आणि संत्र्याच्या सालीची कँडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच देऊन टाकते: जमतं, पण सालीचं जेवढं छान जमतं तेवढं रसाळ फळांचं जमत नाही, आणि वर्षभर टिकवायला म्हणून करणार असाल तर नका करू.

पहिली फजिती स्टीव्हियाची, म्हणजे एका झाडाच्या पानांपासून काढलेल्या गोड अर्काची. मला वाटलं साखर गोड, स्टीव्हिया पण गोड, मग काढा एक घाला दुसरं! पाण्यात चार थेंब टाकले, त्यात साली उकळल्या, वाळवल्या, बरणीत भरल्या. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर वरच्या दोन साली पांढऱ्या लवीने भरलेल्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की साखर तिथे नुसती गोडीसाठी नसतेच मुळी. पाक घट्ट असतो म्हणून तो फळातलं पाणी ओढून घेतो आणि त्या जागी स्वतः जाऊन बसतो, शेवटी फळात जवळजवळ 70 टक्के साखर होते आणि उरलेलं पाणी साखरेने इतकं धरून ठेवलेलं असतं की बुरशीच्या हाती काही लागत नाही. स्टीव्हिया, सुक्रालोज हे साखरेपेक्षा शेकडो पट गोड, म्हणून चिमूटभरच लागतात, आणि त्या चिमटीने सालीतली रिकामी जागा कशी भरणार? म्हणजे साखरेच्या जागी असं काहीतरी हवं ज्याला वजन आहे.

मग आणलं एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात ती साखरेसारखीच दाणेदार पूड. कॅलरी जवळपास शून्य, रक्तातली साखर वाढवत नाही, गोडी साखरेच्या 60-70 टक्के, कागदावर एकदम झकास. पाक करायला घेतला आणि सवयीने बोटांत तार बघतेय, तर तार कसली, पाण्यासारखा पातळ! तरी साली घातल्या, रात्रभर झाकून ठेवल्या, सकाळी बघते तर पातेल्यात काच उगवलेली. खरंच सांगते, प्रत्येक सालीवर बारीक टोकदार खडे, चमच्याने टोकलं की टिकटिक वाजतंय. चव बरी होती, पण तोंडात टाकल्यावर पुदिना खाल्ल्यासारखं गार लागतं आणि संत्रं मागे राहतं. कारण साधं आहे, गार पाण्यात, म्हणजे 20-25 डिग्रीला, 100 मिलीत साखर 200 ग्रॅमच्या आसपास विरघळते आणि एरिथ्रिटॉल जेमतेम 60, त्यामुळे गरम असताना भरपूर मावतं आणि गार झालं की जास्तीचं सगळं बाहेर. त्यात मी शहाणपणा करून लिंबू पिळलं होतं. साखरेच्या पाकात लिंबू चालतं कारण आंबटपणामुळे साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि मग खडे धरत नाहीत. एरिथ्रिटॉलमध्ये फुटण्यासारखं काही नाहीच, लिंबू वाया.

आता मी झायलिटॉल नावाची साखरेऐवजीचीच दुसरी पूड वापरते, आणि हातात असेल तेव्हा त्याच प्रकारचं अॅल्युलोज. झायलिटॉल साखरेइतकंच गोड, विरघळतं पण जवळपास साखरेइतकंच, म्हणून साल खरोखर भरते. त्यात तिसरा हिस्सा एरिथ्रिटॉल घातलं तर कॅलरी कमी होतात आणि खडे पण आटोक्यात राहतात. अॅल्युलोजची गोडी थोडी कमी पण साल मऊ राहते, फक्त ते आचेवर पटकन लाल होतं, पाठ फिरवली की करपलंच. झायलिटॉलला रंगच चढत नाही, साल फिकट दिसली तर बिघडलं समजू नका.

कृती म्हणाल तर सगळा जीव उकळण्यात आहे. सालीच्या बोटाएवढ्या काड्या करायच्या, आतला पांढरा भाग थोडा राहू द्यायचा (पाक तोच पितो, सगळा खरवडलात तर चामडं होतं), आणि गार पाण्यात घालून उकळी आणायची, पाणी फेकायचं, परत नवीन पाणी, असं तीनदा. याने कडवटपणा जातो. तिसऱ्या वेळेला साल नखाने सहज दाबली जाईपर्यंत शिजवा, कारण गोड पाकात गेल्यावर ती अजून मऊ होत नाही, तिथे कच्ची राहिली की कायमची कच्ची. मग समान वजनाचं पाणी आणि झायलिटॉल, त्यात दहा मिनिटं मंद आच, आणि रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी साली बाजूला काढून नुसता पाक थोडा आटवायचा आणि साली परत आत, असं चार-पाच दिवस. एकाच दिवसात दाट पाकात टाकल्या तर पाणी भसकन बाहेर येतं, पाक आत जायला वेळच मिळत नाही आणि साली सुरकुतून कडक होतात, घाईची आणखी एक बॅच मी अशीच घालवलीये. शेवटी जाळीवर दोन दिवस वाळवायच्या, त्यासुद्धा बोटाला चिकटेनाशा झाल्या की बस, कडकडीत नको.

बरणी फ्रिजमध्येच, आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायची, जास्त असेल तर फ्रीझर. अननस, चेरी असलं रसाळ काही करायचं असेल तर थोडंच करा आणि लगेच खा.

आता पथ्याचं. शुगर-फ्री म्हणजे साखरच नाही असं नसतं, फळाची स्वतःची साखर असतेच, सालीत ती गरापेक्षा कमी म्हणून पण मी सालीच्या बाजूने. झायलिटॉलला पण ग्रॅममागे 2.4 कॅलरी आहेत, साखरेला 4. आणि शुगर-फ्री लिहिलेल्या तयार पाकिटात बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचं साखरेऐवजीचं गोड द्रव्य असतं, ते रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढवतं, मागची बाजू वाचा. एरिथ्रिटॉलबद्दल 2023 मध्ये एक अभ्यास आला होता, ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांच्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं. त्यामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, शरीर स्वतः पण ते थोडं बनवतं, पण हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मला नको. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नका, थोडंसं पोटात गेलं तरी त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणि पोट! झायलिटॉल सगळं पचत नाही, उरलेलं आतड्यात पाणी ओढतं, म्हणजे सालीवर जो प्रयोग आपण केला तोच आपल्यावर. बाबांनी एकदा मॅच बघता बघता अर्धी बरणी संपवली, दुसऱ्या इनिंगला ते टीव्हीसमोर नव्हतेच. आता चार काड्या, वाटीत मोजून, आणि बरणी माझ्या ताब्यात.