गोळी वेळेवर

"आजोबा, असेच हसत राहा, शंभरी गाठाल!" औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला.

आजोबा गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने तारखा घालत होते. मान वर न करता म्हणाले, "हसण्याचं काय घेऊन बसलास? गोळ्या वेळेवर घेतो, म्हणून आहे."

दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

१९२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे १,५०० हुशार मुलांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचं आयुर्मान तपासलं. लहानपणी नेटकी, जबाबदार असलेली सरासरी जास्त जगली होती. आनंदी, विनोदी मुलं उलट थोडी कमी! अर्थात सरासरीवरून कुणा एकाचं भविष्य सांगता येत नाही, आणि पैसा, आजार, सोबत यांचाही वाटा असतोच.

पण घरोघरी म्हाताऱ्यांच्या वेळापत्रकाची थट्टा होते ना, त्याचं मला वाईट वाटतं. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबारालाच. झोपण्याआधी गॅसचा कॉक स्वतः बघायचा. चष्मा ठरल्या जागीच. हे सगळं त्यांना तगवत असेल, तर "एक दिवस उशीर झाला तर काय बिघडतं?" असं आपण कुठल्या तोंडाने म्हणतो?

तुमच्या घरातल्या आजी-आजोबांचा असा कुठला नेम आहे, जो ते काही केल्या मोडत नाहीत?