एचबीए१सी ५.३, तरीही साखर १५८

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ५.३ टक्के आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर ११८ आली होती. तरीही पंचविसाव्या आठवड्यात ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायला सांगितली, कारण केंद्र सरकारच्या सूचनांनुसार ती पहिल्या भेटीत आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान अशी दोनदा करायची असते. त्यासाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे; साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर गर्भावस्थेतला मधुमेह मानतात. माझी १५८ आली.

सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मला रास्त वाटला : तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी चांगली असताना एका सकाळच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? डॉक्टरांनी सांगितले की गरोदरपणात तांबड्या पेशींचे आयुष्य कमी होत असल्याने एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, आणि अंगात लोह कमी असेल तर उलट वाढलेलेही दिसते. शिवाय माझा तो अहवाल सुरुवातीचा होता. वारेतील संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो तो मुख्यतः दुसऱ्या तिमाहीपासून. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही, म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करते आणि बाळाच्या अंगावर चरबी साठते. जेवणानंतर चढणारी साखर म्हणूनच महत्त्वाची, आणि सरासरीत नेमकी तीच झाकली जाते.

दोन आठवडे केवळ आहार आणि चालणे यांवर ठेवले. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत राहिली तर औषध नाही, नाहीतर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन, असे ठरले. घरच्या ग्लुकोमीटरवर पोह्यांनंतर १३४ दिसली, तर ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ल्यावर १०९. हे माझे आकडे आहेत, दुसरीचे वेगळे येतील. डोहाळजेवण नेमके याच काळात आले. ताट सजले, फोटो निघाले, आणि श्रीखंडाची वाटी नणंदेने संपवली. दोन आठवड्यांनंतरची साखर ११३ आल्याने औषध लागले नाही.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तेच ग्लुकोज प्यावे लागले. त्याऐवजी एचबीए१सी चालेल का, असे मी विचारले, परंतु प्रसूतीतील रक्तस्रावानंतर त्या आकड्यावर इतक्या लवकर विसंबता येत नाही, असे उत्तर मिळाले. या वेळी १४० च्या आतली साखर सामान्य आणि २०० पासून पुढची मधुमेहाची धरतात. माझी १२९ आली. आता दरवर्षी तपासणी करायची आहे, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत हा अहवाल दाखवायचा आहे.